दोष आढळला नाही

बिघडणाऱ्या वस्तूंच्या दोन तऱ्हा असतात. पहिली तऱ्हा सरळमार्गी. कपाचा कान तुटला की तुटला, चपलेचा अंगठा निघाला की निघाला. तुटका कप हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला 'हा तुटलाय असं तुम्हांला नक्की वाटतं का हो?' असं कोणी विचारत नाही. दुसरी तऱ्हा मुत्सद्दी. आठ दिवस घराची झोप उडवणारा पंखा वायरमन शिडीवर चढला की असा फिरू लागतो, जणू जन्मात कधी कुरकुरलाच नाही. रात्रभर खोकणारं पोर दवाखान्याची पायरी चढताच तिथल्या बाकावर उड्या मारू लागतं. मग डॉक्टर आपल्याकडे पाहतात. त्या नजरेत शंका असते, पण ती पोराच्या प्रकृतीविषयी नसून आपल्या प्रकृतीविषयी असते.

कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड ही वस्तू या दुसऱ्या तऱ्हेची, आणि त्या तऱ्हेतलीही पुढारी.

ज्यांच्या घरात ही वस्तू अजून शिरलेली नाही त्या सुखी माणसांसाठी थोडं सांगतो. कॉम्प्युटरच्या पोटात ही एक वेगळी पाटी बसवतात. अंगावर दोन-तीन पंखे, स्वतःची स्वतंत्र मेमरी, आणि मुख्य काम एकच, चित्रं काढणं. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एका चित्राला २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. अशी चित्रं सेकंदाला ६०. हिशेब केला तर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपके होतात. आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना एक पेरू काढायला अख्खा तास लागायचा, आणि तरी तो कधी कधी वांग्याकडे झुकायचा.

आमच्या घरात हे कार्ड आलं ते मुलगी आर्किटेक्चरला गेली म्हणून. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवायच्या तर ते लागतंच, असं तिने सांगितलं. किंमत ऐकून मी विचारलं, "एवढ्यात खरी भिंत किती फूट बांधून होईल गं?" तिने उत्तर दिलं नाही. दुकानदाराने मात्र धीर दिला. "तीन वर्षांची वॉरंटी आहे, काका. निर्धास्त राहा."

आपल्या १९३० च्या मालविक्रीच्या कायद्यात या वॉरंटीची व्याख्या आहे. ती मी पुढे वाचली. कराराच्या मुख्य हेतूला आनुषंगिक असलेली अट म्हणजे वॉरंटी, असा तिचा मथितार्थ. आनुषंगिक म्हणजे पानातलं लोणचं. असतं डावीकडे, पण त्यावर पोट भरेल असं यजमानाने कबूल केलेलं नसतं.

अडीच वर्षं कार्डाने बिनतक्रार काम केलं. मग पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन उमटू लागले. आधी चार-दोन, मग दिवाळीच्या रांगोळीसारखे अंगणभर. मग पडदा काळा, कार्डाचे पंखे विमान सुटल्यासारखे, आणि दोन मिनिटांनी सगळं पुन्हा जिथल्या तिथे. हे रोज घडत नसे. घडलं तर चाळीसेक मिनिटं दाबून काम झाल्यावर घडे. सबमिशनच्या आदल्या रात्री हमखास घडे, असं मुलीचं म्हणणं. पण ते शास्त्रीय निरीक्षण म्हणून मी धरलेलं नाही.

घरात आजारी माणूस असलं की सल्ल्यांना तोटा नसतो. खालच्या मजल्यावरच्यांनी व्हायरस सांगितला, वरच्या मजल्यावरच्यांनी व्होल्टेज सांगितलं, आणि समोरच्या काकूंनी कॉम्प्युटरचं तोंड दक्षिणेला आहे याकडे लक्ष वेधलं. मुलीने मात्र निदान पद्धतशीर केलं. ते पाहून तिच्या फीचे पैसे अगदीच पाण्यात गेले नाहीत असं मला वाटलं. तिने केबल बदलली. ड्रायव्हर मुळापासून काढून नव्याने घातला. ड्रायव्हर म्हणजे कार्डाला कॉम्प्युटरचे हुकूम समजावून सांगणारा दुभाषा. मैत्रिणीकडचा पॉवर सप्लाय आणून लावला. चौकोन कायम. मग तिने स्क्रीनशॉट घेतला आणि त्याच वेळी मोबाइलने पडद्याचा फोटोही काढला. स्क्रीनशॉट पडद्यावरून उतरवलेला नसतो, पडद्याकडे जायला निघालेल्या चित्राची ती आतल्या आत काढलेली नक्कल असते. चौकोन नुसते फोटोत असते तर संशय पडद्यावर किंवा केबलवर गेला असता. ते दोन्हींत होते. म्हणजे रोग आतला. यंत्र तापलेलं असताना बंद करून लगेच चालू केलं, तर अगदी सुरुवातीला कंपनीचं चिन्ह येतं त्या पडद्यावरही चौकोन होतेच. तोवर दुभाषा कामावर आलेलाच नसतो, त्यामुळे त्याच्यावरचा आळ गेला. शेवटी तिने कार्ड उचलून मैत्रिणीच्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं. चाळीस मिनिटांनी रांगोळी त्यांच्या घरी!

हे असं का होतं? कार्डावरची मुख्य चिप आणि तिच्या शेजारच्या मेमरीच्या चिपा पाटीवर सोल्डरच्या शेकडो बारीक गोळ्यांनी बसवलेल्या असतात. यंत्र तापलं की चिपही प्रसरण पावते आणि पाटीही. पण दोघींचं प्रमाण वेगळं. निवतानाही तेच. वर्षानुवर्षं दोघांचं तापणं वेगळं आणि निवणं वेगळं असलं की मधल्या सांध्याला बारीक चीर जाऊ शकते. गार असताना चीर मिटलेली, चारचौघांत सगळं उत्तम. घरी तापलं की उघडते. विवाहित वाचकांना याहून जास्त स्पष्टीकरण लागू नये.

आणि हा काही आमच्याच कार्डाचा नखरा नव्हे. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० या खेळयंत्राची वॉरंटी एका ठरावीक बिघाडापुरती तीन वर्षांपर्यंत वाढवली, आणि त्यापायी १०० कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. २००८ च्या जुलैत एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपा वाजवीपेक्षा जास्त प्रमाणात बिघडताहेत, त्यांच्या बांधणीतलं द्रव्य कच्चं निघालं, असं जाहीर करून १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. म्हणजे चिरा खऱ्या असतात, आणि एकेक करून मोजल्या तर मोठमोठ्या कंपन्यांनाही दिसतात.

हे सगळं ज्ञान घेऊन आम्ही सर्व्हिस सेंटरवर गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही. काउंटरवरच्या मुलाने आधी बिल पाहिलं, मग नंबर जुळवला, मग भिंग लावून कार्ड असं निरखलं, की स्थळ पाहायला आलेल्या आत्याबाईही त्याच्यापुढे भोळ्या वाटाव्यात. स्क्रूवरचा स्टिकर फाटलाय का? कुठे जळल्याची खूण? पट्टीला गंज? मुंबईच्या खाऱ्या हवेत माणसाला गंज चढतो, तिथे पट्टीची काय कथा. पण आमची पट्टी स्वच्छ निघाली. त्याची थोडी निराशा झाली असावी. त्याने कार्ड ठेवून घेतलं.

चौथ्या दिवशी ते परत मिळालं. सोबत चिठ्ठी : 'नो फॉल्ट फाउंड'. दोष आढळला नाही.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे कार्ड ओके आहे, सर."

चिठ्ठीतलं वाक्य आणि त्याचं वाक्य, यांच्यात जी फट होती तिच्यात आमचे पुढचे पाच आठवडे गेले.

आमच्या गल्लीत एक दुरुस्तीवाला आहे. हाताचा गुणी, तोंडाचा मितभाषी. त्याने कार्ड लावलं, तासभर तापवलं, चौकोन पाहिले आणि मान डोलावली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, तुमचं कार्ड आजारी आहे हीच तुमची अडचण. मेलेलं असतं तर प्रश्न नव्हता. द्या इकडे, दोन मिनिटांत मारून देतो. कुठे खूण राहणार नाही. दोनशे रुपये द्या."

मी आयुष्यात कोणाची सुपारी दिली नव्हती. शिवाय दर इतका कमी असेल अशी कल्पनाही नव्हती.

गंमत सोडा, पण तिथून घरी येईपर्यंत हा प्रश्न माझ्या पायात घोटाळत होता. कार्ड खरोखर बिघडलेलं आहे. कंपनीने ते बदलून द्यायचं कबूल केलेलं आहे. मी मागतोय ते माझ्या हक्काचंच आहे, वर एक पैसाही नाही. फक्त माझं खरं समोरच्याला दिसत नाही. मग ते दिसेल असं करून दिलं, तर त्यात पाप कसलं? खऱ्या गोष्टीला खोटा पुरावा जोडला तर गोष्ट खोटी होते का?

सकाळच्या फिरण्यातले आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "यात कसला आलाय प्रश्न? पोहोचलेल्या रकमेची पावती हरवली तर आपण डुप्लिकेट करतोच की!" मुलगी म्हणाली, "बाबा, माझं सबमिशन बारा तारखेला आहे." यात तिचं नीतिशास्त्र पूर्ण आलं. बायको भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "अहो, धर्मराजसुद्धा शेवटी बोललाच ना? तुम्ही कोण लागून गेलात?"

धर्मराजाचं उदाहरण आपल्याकडे फार सोयीने दिलं जातं, म्हणून मी ते जरा नीट आठवून पाहिलं. 'अश्वत्थामा मेला' हे वाक्य खोटं ठरू नये म्हणून भीमाने आधी त्या नावाचा हत्ती खरोखर मारला होता. म्हणजे दुरुस्तीवाल्याची योजना तंतोतंत तीच. आधी कार्ड मारायचं, मग काउंटरवर जाऊन शांतपणे सांगायचं, 'कार्ड मेलं आहे.' वाक्य शब्दशः खरं. त्या वाक्यानंतर धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली आला. माझी स्कूटर पहिल्यापासूनच जमिनीवर चालते, त्यामुळे तो धोका नव्हता. पण एक गोष्ट खटकली. त्या सगळ्या प्रकरणात हत्तीचा काय अपराध होता, हे कोणीच विचारत नाही. आणि द्रोणांनी विश्वास ठेवला तो वाक्यावर नव्हे, ते बोलणाऱ्याच्या आजवरच्या वागण्यावर. धर्मराजाने खर्च केली ती ही जन्मभराची शिल्लक.

इथे मला काउंटरवरचा मुलगा आठवला. तो भिंग लावून का पाहतो? मी चोर दिसतो म्हणून नव्हे. माझ्या आधी त्या काउंटरवर असे लोक येऊन गेले आहेत, ज्यांनी कार्डाला नको तेवढी वीज पाजली, स्वतः उघडून स्वतः मोडलं, आणि मग देवळात उभं राहावं तसा चेहरा करून 'आपोआपच गेलं हो' असं सांगितलं. स्क्रूवरच्या त्या स्टिकरवर कंपनीचं नाव असलं तरी खाली सह्या या सगळ्या हुशार लोकांच्या आहेत. मी कार्ड मारून नेलं असतं तर त्यात माझी एक भर पडली असती, आणि माझ्यामागून येणाऱ्या एखाद्या खऱ्या माणसाकडे त्या मुलाने आणखी मोठं भिंग रोखलं असतं.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला मोटारीची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच मोटारींना खोडीच्या भावात मागतो, आणि मग चांगल्या मोटारीचा मालक ती बाजारात आणायचंच सोडून देतो. अशा बाजारात हमी ही विश्वासाची जागा थोडीफार भरून काढते, असं त्याने म्हटलंय. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. पण हमी वठवण्याची वेळ आली की बाजू उलटतात. आता कार्डाचं खरं घेणाऱ्याला ठाऊक असतं आणि विकणारा अंधारात असतो. तेव्हा त्याने सगळ्यांनाच लबाडांच्या भावात मोजायला सुरुवात केली, तर चांगल्या गिऱ्हाइकाने काय करायचं? लबाडांच्या रांगेत जाऊन उभं राहायचं?

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ही, की मारलेल्या कार्डाबरोबर त्याचा आजारही मरतो. कंपनीच्या वहीत नोंद झाली असती, 'कार्ड पूर्ण बंद'. चाळीस मिनिटांनी उघडणारी ती चीर कुठेच लिहिली गेली नसती. मी तीन वेळा खेपा घालून जे खरं सांगायचा प्रयत्न करत होतो, तेच मी दोनशे रुपये देऊन पुसून टाकलं असतं. खोटा पुरावा खऱ्याच्या मदतीला येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो खऱ्याला खुर्चीवरून उठवून स्वतः तिथे बसतो.

तेव्हा दुरुस्तीवाल्याला नमस्कार केला. पण नुसत्या नमस्काराने कार्ड बदलून मिळत नाही. चिठ्ठी तशीच होती. दोष आढळला नाही.

या तीन शब्दांवर आपल्या मीमांसकांनी शेकडो वर्षांपूर्वी डोकं चालवून ठेवलं आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती 'अनुपलब्धि', म्हणजे न आढळणं, हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानतात. जमिनीवर घडा आढळत नाही, यावरून तिथे घडा नाही हे कळतं. पण या शहाण्या माणसांनी त्याला एक अट घातली : घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून घडा नाही असं ठरत नाही. दिवा नाही, एवढंच ठरतं. आपल्या कायद्यालाही हे उमगलेलं आहे. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावा, अशी तरतूद १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात होती आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही आहे.

मी तक्रार लिहिली नाही, की कोर्टाची भाषा केली नाही. एका कागदावर एकच प्रश्न लिहून नेला : 'आपण हे कार्ड सलग किती वेळ चालवलंत, आणि त्या वेळी ते किती तापलं होतं?' जोडीला मुलीने मोबाइलवर एक अखंड व्हिडिओ घेतला होता. त्यात बिल, कार्डावरचा नंबर, भिंतीवरचं घड्याळ, कार्डाचं तापमान आणि शेवटी चौकोन, सगळं एका दमात.

काउंटरवरच्या मुलाने कागद दोनदा वाचला. आत जाऊन आला. मग जरा ओशाळून म्हणाला, "सर, दहा मिनिटं चालवलं. ए.सी. रूममध्ये. उघड्या टेबलावर."

मला त्या मुलाचं कौतुक वाटलं. 'आमच्या पद्धतीप्रमाणे' असं म्हणून तो सुटू शकला असता. तो खरं बोलला, आणि त्याच्याकडे दुरुस्तीवाला नव्हता. त्याने कार्ड पुन्हा ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बंद पेटीत घालून चालवत ठेवलं, आणि तासाभराने मला फोन केला. "आले, सर! आले!" एखाद्या घरी गणपती आल्यासारखा त्याचा आवाज होता. दोष सापडल्याचा आनंद दोन्ही पक्षांना सारखाच झालेला मी तेवढा एकदाच पाहिला.

कार्ड बदलून मिळालं. पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मुलीने सबमिशन मैत्रिणीच्या घरी, रात्री जागून, त्यांच्या कॉम्प्युटरवर केलं. बारा तारखेच्या पहाटे ती घरी आली तेव्हा तिचे डोळे त्या चौकोनांसारखेच गुलाबी झाले होते. सत्याचं बिल येतं तेव्हा ते सत्य बोलणाऱ्याच्या नावावर येईलच असं नाही, हे मला त्या पहाटे दिसलं. हरिश्चंद्राची गोष्ट आपण नेहमी हरिश्चंद्राच्या बाजूने ऐकतो. रोहिदासाला कोणी विचारलेलं नसतं. मी चहा केला आणि काहीच बोललो नाही. तीच म्हणाली, "बाबा, तो व्हिडिओ मी ठेवलाय हं. पुढे कोणाला लागला तर."

आलेलं कार्ड नवं नाही. ते 'रिफर्बिश्ड' आहे, म्हणजे कोणाचं तरी परत आलेलं, तपासून-सवरून पुढे पाठवलेलं. वॉरंटीही नव्याने सुरू होत नाही, जुनीच उरलेली पुढे चालते. ते आधी कोणाकडे होतं, त्या माणसाचं त्याच्याशी काय बिनसलं होतं, त्याचं खरं काउंटरवर पटलं होतं की नाही, काही कळायला मार्ग नाही. कदाचित त्यालाही कोणीतरी दोनशे रुपयांत सोडवलं असेल.

सध्या ते उत्तम चालतंय. परवा स्नेह्यांनी विचारलं, "काय, आता काही दोष नाही ना?" मी म्हटलं, "अजून आढळला नाही." ते हसले. पण एवढं सगळं झाल्यावर याहून मोठं वाक्य बोलायला माझी जीभ रेटत नाही.